लिहा बाबा, सापडला

आमच्याकडे खेळायला येणारा संघ आधी मैदानावर पोचत नाही, आधी खांबापाशी पोचतो. ही भाऊंची शिस्त. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्याचं दर्शन घेतल्याशिवाय नेवाशात टॉस होत नाही. भोवतीचं जुनं देऊळ गेलं, खांब तेवढा उरला. त्याला पैसाचा खांब म्हणतात, आणि दुर्गाबाई भागवतांनी आपल्या ललित निबंधांच्या पुस्तकाला ‘पैस’ हेच नाव दिलं. पैस म्हणजे ऐसपैस मोकळीक. भाऊ खिशातलं नाणंसुद्धा देवापुढं धरून आणतात. मग टॉस हरतात.

ज्ञानेश्वर सांगत गेले, सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. मी स्कोअर लिहितो, म्हणून भाऊ मला ‘बाबा’ म्हणतात. चेंडू पॅडला लागून गेला की लांबूनच आरोळी येते, “लिहा बाबा, बॅटची कड होती!” मी लेगबाय लिहितो. षटक संपलं की ते पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन वहीत डोकावतात आणि न बोलता परत जातात. त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. पाऊस हुकलेल्या सालची उधारी या माणसानं कितीदा पानासकट सोडून दिलेली मला ठाऊक आहे. मैदानावर मात्र एक धाव सुटत नाही.

वय 43. उजव्या हाताची गोलंदाजी, उडी मात्र झहीर खानची. झहीर डावखुरा, पण तो श्रीरामपूरचा, म्हणजे भाऊंच्या हिशेबानं शेजारच्या घरातला. 2011च्या विश्वचषकात त्यानं 21 बळी घेतले, ते सगळे भाऊंना क्रमानं पाठ आहेत. फलंदाजीला उतरले की ते अजिंक्य रहाणे होतात. रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. आश्वीवरून वाहत आलेली प्रवरा पुढं आमच्या गावाला येते. “पाणी एकच आहे,” भाऊ म्हणतात. त्यावर आजवर कुणी वाद घातलेला नाही.

आमचं मैदान म्हणजे हरभरा निघालेलं रान. मार्चच्या उन्हात काळी माती ओल सोडते, आकसते आणि पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडतात. टेनिसचा चेंडू भेगेच्या काठावर पडला तर छातीपर्यंत उसळतो, भेगेत पडला तर घोट्याखालून सरपटतो. भाऊ क्रीजवर येतात, टाचेनं गार्डची रेघ ओढतात, मग खाली बसून समोरच्या भेगेत बोटांनी माती भरतात. वरून बॅटच्या टोकानं चापून चोपून बसवतात, जणू रोप लावलंय. पंच, गोलंदाज, अकरा गडी, सगळे थांबतात. मला हा क्षण सामन्यापेक्षा आवडतो. दुकानात चार गिऱ्हाइकांना एकदम तोंड देणारा माणूस इथं इतका सावकाश होतो, की त्याला घाई करावीशी कुणालाच वाटत नाही.

गेल्या रविवारी त्या भरलेल्या भेगेच्या शेजारच्या भेगेनं त्यांना चकवलं. चार धावा, त्रिफळा. शेवटच्या षटकात आमच्याच पोरानं मारलेला चेंडू बांधापलीकडच्या उसात गेला. सामना संपला, पोरं गाड्यांना किक मारून निघाली, चेंडू काही मिळेना. भाऊ एकटेच मोबाइलची बॅटरी लावून आत शिरले. उसाचं पातं हाताला कापतं, म्हणून त्यांनी बाह्या खाली ओढून घेतल्या होत्या. बराच वेळ नुसतं पाचट वाजत होतं.

बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांत चेंडू. एक आजचा. दुसरा पांढुरका, लव झडलेला, एका अंगानं चेपलेला. गेल्या साली त्या वावरात उसाची लागण होती, औंदा खोडवा उभा आहे, आणि लागणीत भाऊंनी मारलेला षटकार खोडव्यात मिळाला होता. वहीत मी तेव्हा सहा धावांपुढं ‘चेंडू हरवला’ असं लिहिलं होतं. त्यांनी ते पान स्वतः शोधून काढलं, बॅटरी त्यावर धरली.

“लिहा बाबा,” ते म्हणाले, “सापडला.”