सांधा

तर झालं असं. गेल्या महिन्यात शनिवारी सकाळी सकाळी मामाचा फोन. "तुझं ते कॉम्प्युटरवालं डोकं घेऊन भोसरीला ये."

भोसरी एमआयडीसीत मामाचं छोटं वर्कशॉप आहे. प्लॅस्टिक इंजेक्शन मोल्डिंगच्या दोन मशिनी. टेबलावर काळ्या ब्रॅकेट्सचा ढीग पडलेला. अख्खा लॉट परत आला होता. बोल्ट आवळला की भोकाच्या बाहेरच्या कडेला तडा, तोही दर वेळी त्याच जागी. पुढचा लॉटही असाच गेला तर ऑर्डर हातची जाणार, आणि मशीनच्या कर्जाचे हप्ते तर चालूच.

माल म्हणजे नायलॉन ६६, त्यात वजनाने ३० टक्के ग्लास फायबर. मी तत्परतेने सल्ला दिला, "मामा, ३० चे ५० टक्के कर की!" (सर्व्हर रडायला लागला की रॅम वाढवायची, हा आमचा खाक्या.)

मामा हसला नाही. त्याने भिंग दिलं. तड्याच्या जागी केसासारखी सरळ रेघ होती.

साच्यात भोकाच्या जागी पिन असते. वितळलेला माल गेटमधून येतो, पिनेपाशी दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा भेटतो. तंतू मात्र भेटत नाहीत. विसर्जनाच्या दोन मिरवणुका चौकात समोरासमोर याव्यात आणि कुणीच पलीकडच्या गर्दीत घुसू नये, तसे ते रेघेला समांतर आडवे होतात. म्हणजे सांध्यावर फायबरचं बळ जवळपास नाहीच, उरतो फक्त नायलॉन. अशा सांध्याची ताकद निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येऊ शकते. वर तंतू मुळातच मिलिमीटरपेक्षा आखूड, आणि स्क्रूच्या घुसळणीत आणखी मोडतात. काच वाढवली तर जास्तच.

आधी मामालाही दाण्यातल्या ओलीचा संशय होता. ओला नायलॉन बॅरलमध्ये तापला की त्याच्या साखळ्याच तुटतात. पण ड्रायर ठीक होता.

मग मी कागदावर माल कुठून कुठे जातो त्याचे बाण काढत बसलो. एवढंच काय ते माझं योगदान! गेट होता लांबच्या टोकाला, म्हणून सांधा नेमका भोकाबाहेरच्या पातळ कडेवर. गेट भोकाच्या बाजूला आणला तर सांधा पडणार आतल्या जाड अंगात, तोही माल गरम असताना, पुढे वाहता वाहता. पातळ कडेतून तंतू सलग वळून जाणार. जुना गेट बुजवायचा, नवा कापायचा. टूलरूमचा खर्च ऐकून मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "करू."

काल साचा परत आला. पहिले नग गरम पाण्यात ठेवले. दाणा कोरडा हवा, पण ताजा नग कोरडा असला की ठिसूळ असतो, त्याला पाणी पाजावं लागतं. (नायलॉनचे नखरे!) मग मामाने टॉर्क पाना माझ्या हातात दिला.

आवळला. कट् आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. पण तो पान्याचाच होता, टॉर्क पुरा झाल्याचा.

"अजून वीस आवळ," मामा म्हणाला आणि चहा सांगायला गेला.