चेंबूर ते भायखळा : साथीच्या दिवसांतील एक रस्ता

जुलै २०२५ मधील एका रविवारी सकाळी आम्ही चेंबूरहून भायखळ्याला जाण्यासाठी बेस्टच्या बसमध्ये बसलो. सोबत आमचे शेजारी भाऊ होते. भाऊंची सारी हयात बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून गेली. आता ते निवृत्त आहेत. भायखळ्याला त्यांच्या जोडीच्या ड्रायव्हरच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. हे ड्रायव्हर २०२० च्या जुलैमध्ये कोरोनाने गेले, त्याला पाच वर्षे झाली. लोकलने गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. पण भाऊ म्हणाले, "त्याच्या घरी जायचे तर त्याच्याच रस्त्याने जाऊ." म्हणून बस धरली. या प्रवासात जे पाहिले, जे ऐकले आणि जे स्वतःविषयी कबूल करावे लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पाऊस रिपरिप पडत होता. रविवार असल्याने खिडकीजवळ जागा मिळाली. तिकिटाचे पैसे आम्ही काढले, तर भाऊंनी हात धरला. "एवढी वर्षे दुसऱ्यांची तिकिटे फाडली, आज माझे मला काढू दे," म्हणाले. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आहे. गरिबाला ते जाणवते. भाऊंनी तिकीट नीट घडी घालून खिशात ठेवले.

आम्ही फोर्टमधील एका कचेरीत कारकून आहोत. २०२० च्या मार्चमध्ये आमची कचेरी अत्यावश्यक सेवेत धरली गेली. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल थांबली. तीन दिवसांनी, २५ मार्चपासून, साऱ्या देशात टाळेबंदी आली. रोज सुमारे पाऊण कोटी माणसे वाहून नेणारी लोकल बंद म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. शहर घरात बसले, पण सगळ्यांनाच घरी बसता येत नव्हते. नर्सला रुग्णालयात जायचे होते, सफाई कामगाराला कचरा उचलायचा होता, पोलिसाला नाक्यावर उभे राहायचे होते. त्यांना न्यायचे कोणी? ते काम बेस्टच्या लाल बसने केले.

गाडी शीवला आली. डावी-उजवीकडे पाहत भाऊ बोलू लागले. "या थांब्यावर पहाटे सगळ्या नर्स उभ्या असायच्या. एकमेकींपासून लांब, दुधाच्या केंद्रावर रांग लावावी तशा. ओळखपत्र बघायचे आणि गाडीत घ्यायचे. दोघांच्या बाकावर एकच माणूस. मला रागावता येईना, कारण ज्याला खाली उतरवायचे तोच कुणाचा तरी जीव वाचवायला निघालेला."

बेस्टने त्या काळात केलेल्या बदलांची यादी भाऊंना तोंडपाठ होती. नेहमीची वेळापत्रके बाजूला ठेवून रुग्णालये, पालिका कार्यालये आणि उपनगरे यांना जोडणाऱ्या खास फेऱ्या काढल्या. विरार, कल्याण, पनवेल अशा लांबच्या भागांतून येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एसटीच्या गाड्या लावल्या गेल्या. आगारात गाड्या औषध मारून पुसल्या जाऊ लागल्या. अनेक गाड्यांत ड्रायव्हरच्या मागे प्लास्टिकचा पडदा आला. बेस्टच्या काही लहान गाड्यांतील बाके काढून त्यांच्या रुग्णवाहिका केल्या. शिवाय मुंबई बेटावरील दिवे चालू ठेवण्याचे कामही बेस्टचेच, कारण वीज आणि वाहतूक ही दोन्ही खाती एकाच उपक्रमाची आहेत. घरात बसलेल्या माणसाचा पंखा फिरत होता, त्यामागेही कोणीतरी कामावर गेलेले होते.

गांधी मार्केट, किंग्ज सर्कल मागे टाकून बस दादर टी.टी.ला आली. नव्या पिढीला टी.टी. म्हणजे काय हे ठाऊक नसते. ट्राम टर्मिनस! मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची १९०७ साली आली, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून याच दादरला आली. बसची सुरुवात १५ जुलै १९२६ ची. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा कारभार कंपनीकडून महानगरपालिकेकडे आला. म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी मुंबईची बस मुंबईकरांच्या मालकीची झाली. ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. टाळेबंदीत खासगी टॅक्सी, रिक्षा, कंपन्यांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. जी सेवा लोकांच्या मालकीची होती, तिलाच हुकूम देता आला आणि ती धावली.

दादर म्हटले की आपल्या माणसाचे मन चैत्यभूमीकडे वळते. दरवर्षी ६ डिसेंबरला बेस्ट जादा गाड्या सोडते. भाऊंची त्या दिवशी बहुधा ड्युटीच असे. "अभिवादन मी गाडीतूनच करायचो," ते म्हणाले. २०२० साली मात्र घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन झाले आणि समाजाने ते पाळले. त्याच वर्षीची १४ एप्रिलची जयंतीही आपण घरातच साजरी केली. भाऊ त्या दिवशी कामावर होते. गाडीत एक सफाई कामगार ताई चढल्या. तोंडावर मास्क, फक्त डोळे दिसत होते. तिकीट घेताना त्या हळूच "जयभीम" म्हणाल्या. "तेवढीच माझी जयंती," भाऊ म्हणाले.

हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी साचू लागले होते. बस हळू झाली. परळच्या या भागात केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत आणि हाफकिन संस्थाही येथेच आहे. हा रस्ता साथीला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि मुंबई ओस पडू लागली. डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या, असे सांगितले जाते. गाडी नव्हती, म्हणून सावित्रीमाईंनी आपली पाठ दिली. बाके काढून रुग्णवाहिका झालेली बस जेव्हा आमच्या वस्तीत आली, तेव्हा आम्हाला त्याच पाठीची आठवण झाली होती.

प्लेगनंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांत हवा-उजेड यावा म्हणून रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या, कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यातलीच परळची बीआयटी चाळ. तिथे बाबासाहेबांनी १९३४ पर्यंत, राजगृहात जाईपर्यंत, संसार केला आणि अभ्यास केला. आज आपण ज्या रस्त्याने जात होतो त्याला बाबासाहेबांचेच नाव आहे. एका साथीने या शहराला चाळी दिल्या. दुसऱ्या साथीने काय दिले, असा विचार आमच्या मनात आला.

लालबागजवळ बस थांबली असताना भाऊ म्हणाले, "८ जूनला गाडी सगळ्यांना उघडली. तेव्हा खरी परीक्षा." ते बरोबर होते. ८ जून २०२० पासून बेस्ट सर्वांसाठी सुरू झाली. एका बाकावर एक आणि उभे फक्त पाच, असा नियम. लोकल तर १५ जूनपासून, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी. साऱ्या शहराचा भार बसवर आला. थांब्यावर दोन-दोन तास रांगा. सहावा उभा माणूस चढला की कंडक्टरने उतरवायचे. ज्याचा पगार तीन महिने बुडाला त्याला "उतरा" म्हणायचे. पुढे एसटीच्या गाड्या मदतीला आल्या. गावाकडचे ड्रायव्हर-कंडक्टर मुंबईच्या रस्त्यांवर लाल परी चालवू लागले. पुढचा थांबा कोणता, ते प्रवाशालाच विचारीत. प्रवासी सांगत. त्या दिवसांत माणसे माणसांना सांभाळीत होती, हेही नोंदवले पाहिजे.

आणि आता आमची गोष्ट. एप्रिल २०२० मध्ये आमच्या वस्तीच्या समितीने गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले. समितीचे सचिव आम्ही. बाहेर कामावर जाणाऱ्यांपासून साथ येईल, या भीतीने ठरले की बस, रुग्णालय, सफाई अशा कामांवर जाणाऱ्यांनी नळावर सर्वांत शेवटी पाणी भरावे. आमचे अक्षर चांगले, म्हणून नोटीस आम्हीच लिहिली आणि नळाशेजारी चिकटवली. स्वतः कामावर जात असूनही त्या यादीत कारकुनाचे नाव आले नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानातसुद्धा आले नाही.

तो महिना एप्रिलचा होता. त्याआधी काही दिवस, २० मार्चला, आम्ही घरात चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आठवण मुलीला सांगितली होती. १९२७ साली महाडला काय घडले, पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे समजावले होते. आणि महिनाभरात नळावर कोणी शेवटी यायचे, हे आम्ही लिहून मोकळे झालो. भाऊ काही बोलले नाहीत. रात्री अकराला येत, अंगणात कपडे भिजवत, मग हंडा घेऊन नळावर जात. आमच्या खिडकीतून दिसत असे. आम्ही खिडकी लावून घेत असू.

जुलैमध्ये भाऊंच्या जोडीचे ड्रायव्हर गेले. पाठोपाठ भाऊंनाही ताप आला. गाडी आली, भाऊ स्वतः चालत तिच्यात चढले. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी जाऊन कोणी उभे राहिले नाही. आम्हीही नाही. पंधरा दिवसांनी भाऊ बरे होऊन आले आणि महिनाभरात पुन्हा कामावर गेले.

ही गोष्ट पाच वर्षे आमच्या मनात सलत होती. चिंचपोकळी मागे पडली तेव्हा आम्ही धीर करून म्हणालो, "भाऊ, ती नळावरची नोटीस मी लिहिली होती. चुकले माझे."

भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "तुझे अक्षर मला ओळखू येत नाही का?" थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "अरे, शेवटी पाणी भरायचे मला काही वाटले नाही. साथ होती, लांब राहायलाच हवे होते. मी स्वतःच तसे म्हणालो असतो. पण तू एकदा मला विचारायला हवे होतेस."

आम्ही काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

भायखळ्याला उतरलो. मित्राच्या घरी फोटोला हार होता, समोर मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झाले. सर्वांनी दोन शब्द बोलावे, असा आग्रह झाला, तेव्हा भाऊंनी एवढेच सांगितले : "शेवटच्या दिवशी आमची गाडी केईएमच्या बाजूने येत होती. एक नर्स उशिरा धावत आली. पाच उभे झाले होते. हा मला म्हणाला, ती माझ्या जबाबदारीवर घे. घेतली." ड्रायव्हरची पत्नी ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "ती कामावर वेळेत पोहोचली का?" भाऊ म्हणाले, "हो वहिनी, पोहोचली."

वाचकहो, बेस्टचे रूप आता पालटले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी डिझेलवरची दुमजली बस बंद झाली, विजेवरच्या नव्या गाड्या आल्या, भाडेतत्त्वावरील गाड्यांचे प्रमाण वाढले. सुधारणा हव्यातच. पण संकटात हक्काने बोलावता येईल अशी लोकांच्या मालकीची बस आणि तिच्यावरचा कायम नोकरीतला माणूस टिकला पाहिजे, हेही आपण मागत राहिले पाहिजे. प्लेग आला होता, कोरोना आला, पुढेही काही येईल.

आणि आपल्या घरचे काम आपणच करायचे. परत आल्यावर आम्ही वस्तीच्या बैठकीत ही सारी हकीकत सांगितली आणि एक ठराव मांडला. पुन्हा साथ आली तर कामावर जाणाऱ्यांना आधी बोलावून विचारायचे. पाण्याची वेळ, वेगळी खोली, घरच्यांची देखभाल हे त्यांच्या संमतीने ठरवायचे. आणि त्यांच्या घरी रोज एक माणूस विचारपूस करील. ठराव एकमताने मंजूर झाला. तो इतिवृत्तात आम्हीच लिहिला. खाली सूचक म्हणून भाऊंनी सही केली.