सोफा स्कोअर

बाबा मीरा रोडला आयसीयूत होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टर म्हणाले, "सोफा स्कोअर ११." मला आपला हॉलमधला सोफाच आठवला!

१९९६ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत. फुप्फुसं, रक्तातल्या प्लेटलेट्स, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंडं... प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २४. जितके जास्त तितकं वाईट. "एका आकड्यावर जाऊ नका, रोज चढतोय की उतरतोय ते बघा." ऑफिसात सर्व्हरचे आलेख बघणाऱ्या मला हे लगेच पटलं.

तिसऱ्या दिवशी ९! धावत भाईंदरला घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते राहू दे. त्यांनी डोळे उघडले का रे?"

मेंदूचे गुण देताना डॉक्टरही डोळे उघडतात का ते बघतात. मी विचारलंच नव्हतं. तसाच परत फिरलो.