विचारायचं ना!

यंत्राने वाचावं म्हणून लिहिणं मला कमीपणाचं वाटायचं. पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत मी टेक्निकल रायटर आहे. कुठलं टूल कसं वापरायचं ते लिहून ठेवणं हे माझं काम. ध्वनिविभागासाठी एआय एजंटचं टूल तयार झालं आणि त्याचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आलं, तेव्हा 'इतकी वर्षं माणसांसाठी लिहिलं, आता डब्यासाठी लिहायचं' असं मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हटलं होतं. लोक हसले. मलाही ते वाक्य आवडलं होतं.

टूलचं काम थोडं सांगायला हवं. गेममधलं संगीत सिनेमासारखं सरळ वाजत जात नाही. खेळणारा गुहेच्या तोंडाशी अर्धा तास रेंगाळेल, नाहीतर धावत आत घुसेल. संगीताला दोन्हींसाठी तयार राहावं लागतं. म्हणून एफमॉडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर मार्कर लावतात. इथून इथपर्यंत फिरत राहा, इथे पोचलास की तिकडे उडी मार, इथे आलास की गेमला कळव. कल्पना जुनीच आहे. १९९१ च्या 'मंकी आयलंड २' मध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांच्या 'आयम्यूज' प्रणालीने हे करून दाखवलं होतं. त्या गेममधल्या वुडटिक गावात एका दारातून दुसऱ्या दारात गेलं की धून न तुटता रंग बदलते. आमचा एजंट हे मार्कर लावतो, सरकवतो, पुसतो, त्यांची नावं बदलतो. टूलविषयी त्याच्यापुढे असतं ते एवढंच: प्रत्येक क्रियेचं नाव, तिचं छोटंसं वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा आराखडा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केलेली, एआयला टूल जोडण्याची एमसीपी पद्धत अशीच चालते. ते वर्णन मी लिहायचं होतं.

मी ते उरकलं. 'मार्करचं नाव बदलण्यासाठी. नाव स्पष्ट आणि वाचणाऱ्याला कळेल असं असावं.' यापलीकडे त्याला काय कळणार, असा माझा हिशेब.

मग एकदा ध्वनिविभागातल्या कुणीतरी एजंटला एका पातळीवरचे मार्कर आवरून ठेवायला सांगितलं. त्याने नावं छान सरळ केली. त्यानंतर गेममधला राक्षस डरकाळी फोडेना. संगीत चढायचं, ठोका पडायचा, आणि तो नुसता उभा. कुठेही एरर नाही. कारण साधं होतं: टाइमलाइन मार्करवरून पुढे गेली की गेमच्या कोडला मार्करचं नाव मिळतं आणि कोड त्या नावाची अक्षरं जुळवून बघतो. नाव बदललं की कोड मुकाट पुढे जातो. जुनी आवृत्ती परत आणून काम भागलं. आणि मी, खरं सांगते, खूश झाले. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं.

पुरावा म्हणून दाखवावा, या हेतूने मी एजंटचा लॉग उघडला. नावं बदलण्याआधी त्याने सगळ्या मार्करची यादी मागवली होती. मग स्वतःसाठी एक नोंद केली होती: वर्णनात नावावर दुसरं काही अवलंबून असल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे बदल सुरक्षित आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्यात खोट काढता येईना. त्याने माझा शब्द प्रमाण मानला होता. माझं लिखाण इतक्या काळजीने आमच्या ऑफिसात आजवर कुणी वाचलं नसेल.

मागे उभी असलेली ज्युनिअर साउंड डिझायनर लॉग बघत होती. म्हणाली, "मॅडम, हे तर मी पण केलं होतं. नवीन आले होते तेव्हा."

मला आठवलं. मी तेव्हा तिला काय म्हटलं होतं, तेही आठवलं. 'अगं, विचारायचं ना!'

ही तीन शब्दांची सूचनाच माझं खरं डॉक्युमेंटेशन होतं. महत्त्वाचं सगळं चहाच्या वेळी, ओळखीवर, तोंडी. लिहिलेलं मोघम ठेवायचं आणि त्याला 'वाचकाच्या समजुतीवर विश्वास' म्हणायचं. ज्याला विचारायला संकोच वाटतो, जो घरून काम करतो, जो कालच रुजू झालाय, त्याने चूक केली की ती त्याची. मी विश्वास नव्हे, आळस लिहीत होते. एजंट चहाला येत नाही, एवढाच त्याच्यात आणि त्या मुलीत फरक होता.

मी पुन्हा लिहायला बसले तेव्हा भोकं दिसत गेली. 'जागा' असं मी लिहिलं होतं, पण कशात मोजायची? एफमॉड चालू गेमला ती मिलिसेकंदांत देतो. वेव्ह फाइलमध्ये साठवलेल्या खुणा सॅम्पलमध्ये असतात, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये सेकंदाला ४८,०००. आमच्या टूलला सेकंद लागतात. हे कुठेच नव्हतं. नावाबद्दल आधी फटकन 'बदलू नका' लिहिलं, तर एजंट ताज्या, कुठेही न वापरलेल्या मार्करमधली स्पेलिंगची चूकसुद्धा सुधारेना. मग कारण लिहिलं: कोड हे नाव शोधतो, आधी कोडमध्ये बघ, सापडलं तर थांब आणि माणसाला विचार. तेव्हा तो वापरातल्या आणि न वापरलेल्या नावांत फरक करू लागला. नुसता हुकूम देऊन भागत नाही, कारण द्यावं लागतं, हे यंत्राच्या निमित्ताने शिकावं लागलं याची लाज वाटते. ज्युनिअर मुलीने ते पान वाचून विचारलं, "हे आधी का नव्हतं?" माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

एका मुद्द्यावरून मात्र मी हटलेले नाही. एजंटला ऐकू येत नाही. वेग मिनिटाला १२० ठोके असेल तर ठोका अर्ध्या सेकंदाचा, हे गणित तो अचूक करतो. पण आमच्या एका गेममध्ये ढोलकी प्रत्यक्ष वाजवून घेतली आहे आणि वाजवणारा भरात आला की लय चढते. गणिताने काढलेली सम तिथे सापडत नाही. ध्वनिविभागप्रमुखांचं म्हणणं, अशा फाइलींना एजंटने हातच लावू नये. मी म्हणते लावू दे, फक्त सरकवलेला प्रत्येक मार्कर माणसाने ऐकल्याशिवाय पक्का होऊ नये, आणि ही अट वर्णनातच असावी. वाद चालू आहे. मसुद्यात सध्या त्यांचं वाक्य आहे, शेजारी माझी हरकत.