शनिवारची चौकट

डिसेंबर आला की मला नव्या प्लॅनरचे डोहाळे लागतात. मीटिंगा काय, फोनमध्ये आपोआप येऊन पडतात. पण तो झाला दुसऱ्यांनी भरलेला दिवस. कोरा कागद आपला असतो!

दुकानात मी कव्हर-बिव्हर नंतर बघतो, आधी शनिवार-रविवार. बऱ्याच वीकली प्लॅनरमध्ये सोमवार ते शुक्रवार ऐसपैस आणि शनि-रवि एकाच चौकटीत कोंबलेले. असले सरळ बाद.

ही खोड नगरच्या घरातली (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच). तिथे भिंतीवर कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेलं. त्यात सगळे वार एकाच मापाचे! दूध, सिलिंडर, कुणाचं लग्न... सगळं मावतं.

प्लॅनर आणला की पहिलं काम म्हणजे त्यातले सण उतरवून घेणं. चांद्रवर्ष साधारण 11 दिवसांनी लहान, त्यामुळे तारखा सरकतात. 2022 मध्ये गणपती 31 ऑगस्टला बसले, 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे थेट 19 सप्टेंबरला. म्हणून नगरला जायचे दिवस मी आधी लिहितो, शाईने. ऑफिस उरलेल्या जागेत.

मग आईने "कधी येतोयस?" विचारलं की "बघू" म्हणावं लागत नाही. तारीख सांगता येते.