माशी पेटी नव्हे, जागा ओळखते

दिवाळी उलटल्यावर महाबळेश्वर तालुक्यातील मांघरला जाण्याचा योग आला. २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेले हे गाव. भोवती डोंगर, दाट झाडी, आणि घरांजवळ मांडलेल्या सातेरी माश्यांच्या पेट्या.

एका पेटीच्या दारापुढे कोवळ्या माश्या पेटीकडे तोंड करून झुलत होत्या, मग हळूहळू मोठे घेरे घेत होत्या.

“आबा, ही कसली गडबड?” मी घरधन्याला विचारले.

“साहेब, पोरी घर बघून ठेवत्यात. निसती पेटी न्हाई. झाड, दरड, डोंगराची कड, समदं.”

मला माझी जुनी चूक आठवली. नोकरीच्या आरंभी एका शेतकऱ्याला मी पेटी वीस पावलांवर, आंब्याच्या सावलीत हलवायला सांगितली. पेटी तीच, वास तोच. तरी सांजवेळी माश्या जुन्या रिकाम्या जागी घोंघावत राहिल्या. रात्र थंडीची होती. सकाळी घरच्या माउलीने सूपभर मेलेल्या माश्या माझ्यापुढे ठेवल्या. बोलली काहीच नाही.

जागेच्या आकाराची ही ओढ इतर जिवांतही आहे. केन चेंग या शास्त्रज्ञाने १९८६ साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लांबट चौकोनी खोक्याच्या एका कोपऱ्यात खाणे पुरलेले होते. दिशा चुकवून पुन्हा सोडल्यावर उंदीर तो कोपरा उकरत; पण जवळजवळ तितक्याच वेळा समोरचा तिरका कोपराही उकरत. दोन्हीकडे लांब भिंत एकाच हाताला येते ना! खुणा नि वास वेगळे असूनही त्यांनी आकारच धरला. दीड-दोन वर्षांच्या मुलांचेही असेच होते, असे १९९४ साली दिसून आले. आपणही वीज गेली की अंधारात देवघरापर्यंत नीट जातो; परक्या घरी मात्र उंबऱ्याला ठेचकाळतो.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, पेटी जवळच हलवायची तर रोज हात-दीड हातच सरकवा. लांब न्यायची तर रात्री दाराला जाळी लावून तीन किलोमीटरच्या पलीकडे न्या, आणि तिथे दारापुढे डहाळी ठेवा. माशी थबकेल, नवी जागा नव्याने पाहून घेईल.

हे मला त्या सुपाने शिकवले. तुम्हाला तरी ते फुकट मिळो.