आईची हाक बाबांच्या खिशात

गणपतीत आमच्याकडे आलेल्या दोघातिघांनी विचारलं, की मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात मधूनच काय चमकतं. तो मोबाईल नाही. सांगायला थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

बाबा आता ८६ वर्षांचे. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती अंथरुणावरच आहे. तिची लोखंडी खाट आतल्या खोलीत, तिथे दुसरी खाट मावत नाही, म्हणून बाबा मधल्या खोलीत झोपतात. आम्ही नवराबायको माडीवर. बाबांना फार कमी ऐकू येतं. कानातलं मशीन उशीला टेकलं की शिट्टी मारतं, त्यामुळे रात्री ते काढून ठेवावं लागतं. आई पूजेतली घंटी वाजवायची. ती आम्हाला वर ऐकू यायची आणि दहा फुटांवर झोपलेल्या बाबांना नाही. "यायले उठवाले मी तुमची झोप मोडते," म्हणून आई हळूहळू घंटी वाजवायचीच बंद झाली. तहान दाबून पडून राहायची.

रात्रीची बाई ठेवू म्हटलं, तर बाबा बसले अडून. "दिवसाचं तुम्ही पाहा. रात्रीचं मी पाहीन. माझी बायको आहे ती."

मग ठरवलं की आईच्या हाताशी चार बटणं द्यायची आणि बाबांच्या मनगटावर एक छोटी डबी. बटण दाबलं की डबी थरथरेल आणि तिच्यावर शब्द उमटेल. नुसतं थरथरून भागणार नव्हतं. बाबा काठी घेऊन चालतात. आधी आईकडे जायचं, काय पाहिजे ते विचारायचं, मग स्वयंपाकघरात, मग परत, अशा अंधारातल्या खेपा म्हणजे पडायला आमंत्रणच. उठतानाच कळलं पाहिजे, की पाणी पाहिजे का औषध, का कूस बदलून द्यायची आहे.

थरथरणारी मोटर मेन रोडवरच्या मोबाईलवाल्याने जुन्या फोनमधून काढून दिली, पैसेही घेतले नाहीत. बोर्ड भाच्याकडे पडलेले होते. दोन वायफाय बोर्ड एकमेकांशी सरळ बोलतात, मध्ये इंटरनेट लागत नाही, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीवर चालणार. अडलं ते स्क्रीनपाशी.

बालाघाटमध्ये स्क्रीन म्हटलं की मोबाईलची. तिच्या पट्टीला केसासारख्या बारीक तारा, घरी बसून त्या जोडणं आपल्या हातचं नाही. एका टीव्ही मेकॅनिकने आपुलकीने जुन्या मीटरची काच काढून दिली. "भैया, ये चलेगी?" काच चांगली होती, पण तिच्यावर आकडेच उमटतात. सात रेघांत इंग्रजी आकडा बसतो, आपला 'पाणी' कुठून बसणार?

आकडेच पाहिजे होते तेव्हाची गोष्ट वेगळी. १९८५ मध्ये मी अकरावीत होतो, लाल आकड्यांचं घड्याळ करायचं वेड डोक्यात. त्यासाठी चार एफएनडी पाहिजेत. एफएनडी म्हणजे फेअरचाइल्ड कंपनीच्या आकड्यांच्या दिव्यांचा नंबर, पण आपल्याकडच्या दुकानांत कोणत्याही कंपनीच्या तसल्या दिव्याला एफएनडीच म्हणायचे, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. अर्ध्या इंचाचा आकडा. बाबा पेपर तपासायला नागपूरला निघाले होते, त्यांना मी चिठ्ठी दिली. तेव्हा इथून गोंदियापर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, तिथे उतरून मोठ्या गाडीने नागपूर. बाबांनी चिठ्ठी वाचून एकच विचारलं, "चांगला आहे का नाही, हे ओळखायचं कसं?" मी सेल, रेझिस्टर आणि दोन तारा दिल्या. ५०० आणि ५०७ दिसायला सारखेच. एकात सगळ्या दिव्यांची ऋण बाजू एकत्र बांधलेली, दुसऱ्यात धन. मला ५०७ पाहिजे होते. या गणिताच्या मास्तराने सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर उभं राहून चार आकड्यांच्या २८ रेघा एकेक पेटवून पाहिल्या. दुकानदार वैतागला असणारच. पण बदलून आणायचं तर परत दोन गाड्या आणि आख्खा दिवस. एफएनडी रुमालात बांधून आले. घड्याळ पुढे बरीच वर्षं चाललं.

या वेळी नागपूरहून स्क्रीन भाच्याने आणल्या. ०.९६ इंची ओएलईडी, चारच पिना, आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवा लागत नाही, त्यामुळे अंधारात अक्षर अगदी ठसठशीत. दुकानात पिवळ्या-निळ्याच शिल्लक होत्या, त्याने तीन घेतल्या. या जातीत वरच्या १६ ओळी पिवळ्या, खालच्या ४८ निळ्या आणि मध्ये बारीकशी काळी फट. इंग्रजीला ते शोभून दिसतं, वर मथळा आणि खाली मजकूर. आपलं अक्षर मोठं काढलं की वेलांटी आणि शिरोरेघ पिवळी, खालचं अंग निळं आणि मान कापल्यासारखी फट. बाबांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "हे दोन वेगळे शब्द आहेत का?" म्हणजे झालंच.

शिवाय ही काच जेमतेम ११ मिलिमीटर उंच. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना रात्री दोन वाजता ते पुरणार नव्हतं. मग १.३ इंची, एकरंगी पांढरी ऑनलाइन मागवली. ठिपके तितकेच, पण काच जवळपास १५ मिलिमीटर उंच. चार मिलिमीटरने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. बाबांना विचारा.

पार्सल आलं तेव्हा बाबा भिंग घेऊन बसले. माझ्या हातात नकाशा, त्यांच्या हातात स्क्रीन. "तुझ्या कागदावर पहिली पिन व्हीसीसी आहे. इथे जीएनडी लिहिलंय." बरोबर होतं. हीच स्क्रीन काही कारखाने व्हीसीसी आधी ठेवून बनवतात, काही जीएनडी आधी, आणि दिसायला दोन्ही जुळ्या. उलट वीज गेली तर काच कायमची जायची. तारा फिरवून घेतल्या. चालू केल्यावर चित्र दोन ठिपके सरकलेलं आणि कडेला कचऱ्याची उभी रेघ. आतला चिप वेगळा. लहान स्क्रीनमध्ये असतो त्याच्या स्मृतीत १२८ स्तंभ, यातल्यात १३२, त्यामुळे चित्राची सुरुवात दोन घरं पुढून करावी लागते. भाच्याने प्रोग्राममध्ये तेवढं बदललं.

अक्षरांचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. या छोट्या बोर्डांना जोडाक्षरं, वेलांट्या जुळवणं येत नाही, त्यामुळे शब्दाचं चित्रच करून द्यावं लागतं. मी आलेखाचा कागद आणला. १२८ बाय ६४ घरं आखून बाबांनी शिसपेन्सिलीने एकेक घर काळं करत चार शब्द काढले. 'औषध'ला तीन दिवस लागले, कारण त्यांना 'ष'च्या पोटातली रेघ पटत नव्हती. त्यांच्या फळ्यावरचं अक्षर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. भाच्याने ते ठिपके जसेच्या तसे उतरवले.

चौथा शब्द आईने सांगितला. पाणी, औषध, कूस झाल्यावर म्हणाली, "आन् एक नुसतं 'या' ठेव."

एकच शब्द सतत उजळत राहिला तर या काचेवर त्याचा डाग बसतो, म्हणून शब्द अर्धा मिनिटच दिसतो, मग काच काळी. दिवसा डबी खिशात असते, रात्री मनगटावर. कोणतं बटण किती वेळा दाबलं, ते बोर्ड मोजतो. पहिल्या महिन्यात 'पाणी'पेक्षा 'या' जास्त निघालं. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "मोजाले कोणी सांगितलं होतं तुले?"

पिवळ्या-निळ्या तीन स्क्रीन अजून डब्यात आहेत. घड्याळाला, तापमान दाखवायला उत्तम, आकडे निळ्या भागात छान बसतात. कोणाच्या घरी पोरं असलं काही करत असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. आणि कोणाला घरच्यांसाठी अशी डबी करायची असेल तर सकाळी दहानंतर या. बाबा तोपर्यंत झोप पुरी करतात, आणि शब्द काढून द्यायला ते तयार आहेत, फक्त आलेखाचा कागद तुमचा आणा.